घोटभर पाणी आणि दोन परीक्षक

जेवताना ठसका लागला की आपल्याकडे "कुणीतरी आठवण काढतंय गं" असं म्हणायची पद्धत आहे. लहान मूल असेल तर टाळूवर हलकेच थापटत "वर बघ, वर बघ" म्हणतात. दोन क्षणांत ठसका जातो आणि सगळे पुन्हा जेवायला लागतात. गिळणं ही क्रिया आपण इतकी गृहीत धरलेली असते की तिच्याविषयी कधी विचारच करत नाही. पण पक्षाघाताचा झटका आलेल्या माणसाच्या बाबतीत हाच ठसका, किंवा तो न लागणं, जिवावर बेतू शकतं. आणि गंमत म्हणजे (गंमत हा शब्द इथे बरा नाही, पण दुसरा सुचत नाही) त्या माणसाला नीट गिळता येतं की नाही, हे ठरवणाऱ्या जाणकारांचंही एकमत व्हायला फार वर्षं लागली. अजूनही ते पुरतं झालेलं नाही. आजचा लेख त्या एकमताच्या इतिहासाविषयी.

आधी थोडं शरीरशास्त्र. आपल्या घशात एक चौक आहे. नाकातोंडातून फुप्फुसाकडे जाणारी हवेची वाट आणि तोंडातून पोटाकडे जाणारी अन्नाची वाट तिथे एकमेकींना छेदतात. हवेची वाट पुढे, अन्नाची मागे. घास मागे सरकला की स्वरयंत्र वर उचललं जातं, त्यावरची झडप खाली येते, स्वरतंतू मिटतात, श्वास क्षणभर थांबतो आणि घास मागच्या वाटेनं निघून जातो. हे सगळं साधारण एका सेकंदात होतं. दोन डझनांहून अधिक स्नायू त्यासाठी एका तालात चालतात आणि तो ताल मेंदू धरतो. मेंदूच्या एखाद्या भागाचा रक्तपुरवठा तुटला की ताल चुकतो. मग पाण्याचा थेंब किंवा अन्नाचा कण श्वासनलिकेत उतरतो, आणि त्यातून न्यूमोनिया होऊ शकतो.

अशा वेळी निरोगी माणसाला जोरात ठसका लागतो. पण पक्षाघाताच्या काही रुग्णांच्या घशाची जाणीवच बोथट झालेली असते. पाणी चुकीच्या वाटेनं जातं आणि तरी माणूस शांत बसलेला असतो. खोकला नाही की चेहऱ्यावर काही नाही. डॉक्टर याला मूक प्रकार म्हणतात. पुढचा सगळा घोळ इथूनच सुरू होतो, कारण जे दिसत नाही आणि ऐकूही येत नाही, ते खाटेशेजारी उभं राहून ओळखायचं कसं?

रोग काही नवा नाही. चरकसंहितेत वातव्याधींच्या अध्यायात पक्षवध आणि अर्दित यांची वर्णनं आहेत. युरोपात १६५८ साली योहान याकोब वेप्फर या स्विस वैद्यानं शवविच्छेदन करून दाखवलं की अशा काही रुग्णांच्या मेंदूत रक्तस्राव झालेला असतो. पण माणूस जिवंत असताना त्याच्या घशाच्या आत काय चाललं आहे हे पाहायची सोय नव्हती. ती १८९५ साली रोंटगेननं क्ष-किरण शोधल्यावर झाली. पुढच्याच वर्षी हार्वर्डमध्ये वैद्यकीच्या पहिल्या वर्षात शिकणाऱ्या वॉल्टर कॅनन नावाच्या विद्यार्थ्यानं प्राण्यांच्या गिळण्यावर प्रयोग सुरू केले. त्यानं एक हंसाच्या जातीचा पक्षी घेतला, कारण मान लांब! मान हलू नये म्हणून पुठ्ठ्याची उंच कॉलर घातली, अन्नात बिस्मथचा क्षार मिसळला आणि घास मानेतून खाली सरकताना क्ष-किरणांच्या पडद्यावर पाहिला. पहिल्या वर्षाच्या पोराची ही अक्कल! मला या प्रसंगाचं फार कौतुक वाटतं.

बिस्मथच्या जागी पुढे बेरियम आलं. माणसांच्या गिळण्याची तपासणी पद्धतशीर बसवण्याचं मोठं श्रेय अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या जेरी लोगमन यांना जातं. त्या मूळच्या वाचा-भाषा तज्ज्ञ. बेरियम मिसळलेला पातळ, घट्ट आणि चावायचा असा थोडा थोडा पदार्थ रुग्णाला द्यायचा आणि गिळण्याचं क्ष-किरण चलच्चित्र घ्यायचं, ही त्यांची रीत. १९८३ साली त्यांचं यावरचं पुस्तक आलं आणि या विषयाला स्वतःचं घर मिळालं. १९८८ साली सुझन लँगमोर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नाकातून बारीक दुर्बीण घालून घसा प्रत्यक्ष पाहण्याची रीत प्रसिद्ध केली. बोलणं शिकवणारे तज्ज्ञ गिळण्याकडे कसे वळले, असं कुणाला वाटेल. पण स्वरयंत्र, जीभ, ओठ हीच अवयवांची मंडळी दोन्ही कामं करतात. आपल्याकडे या तज्ज्ञांचं शिक्षण साठच्या दशकात सुरू झालं. मुंबईचं नायर रुग्णालय आणि म्हैसूरची वाक् व श्रवण संस्था ही त्यातली जुनी ठिकाणं.

पण क्ष-किरणांची खोली काही प्रत्येक रुग्णाच्या खाटेशी नेता येत नाही. रात्री दोन वाजता रुग्ण आला, त्याला तहान लागली आहे, गोळी द्यायची आहे. सिस्टरनं काय करायचं? म्हणून मग साध्या, खाटेशेजारच्या चाळणीची गरज पडली. चाळणी म्हणजे पूर्ण तपासणी नव्हे. धोका असलेले बाजूला काढायचे, एवढंच तिचं काम. आणि चाळणी म्हटलं की प्रश्न येतो तो भोकांचा. ती सगळ्यांच्या हातात सारखी आहेत का?

घरच्यांना ठाऊकच आहे, काही वर्षांपूर्वी आमच्या थोरल्या वन्संना झटका आला तेव्हा मी आठवडाभर रुग्णालयात त्यांच्याजवळ होते. सकाळच्या सिस्टरनं दोन चमचे पाणी पाजून पाहिलं आणि सांगितलं, "आजी छान गिळतात, चहा द्या." दुपारी एक तरुण डॉक्टर आले. त्यांनी घशाला काडी लावून पाहिली आणि तोंडावाटे काहीही द्यायचं नाही असं लिहून ठेवलं. संध्याकाळी थेरपिस्टबाई आल्या. त्या म्हणाल्या, "पाणी नको, दाट पेज चालेल." माणूस तोच, घसा तोच, दिवसही तोच. आमचे भाचे भडकले, "इथे कुणाचा कुणाला पत्ता आहे का?" वन्संना नीट बोलता येत नव्हतं, पण पाण्याच्या भांड्याकडे त्या ज्या नजरेनं पाहत ती अजून डोळ्यांसमोर आहे. पाणी द्यावं तर फुप्फुसात जाण्याची भीती, आणि न द्यावं तर तहानलेलं माणूस समोर. त्यातून तिघांचे तीन निकाल.

भाच्यांचा राग मी समजू शकत होते, पण मला स्वतःला फारसं आश्चर्य वाटलं नाही. आयुष्य उत्तरपत्रिका तपासण्यात गेलं ना! एकाच निबंधाला एक परीक्षक दहापैकी चार देतो आणि दुसरा आठ, हे आम्हा शिक्षकांना नवीन नाही. बोर्डाच्या परीक्षेत मॉडरेटर असतात ते काय हौस म्हणून? आणि या बाबतीत वैद्यकीच्या आधी आमच्याच पेशाची झाडाझडती झाली होती. एजवर्थ नावाच्या विद्वानानं १८८८ आणि १८९० साली परीक्षांतल्या नशिबाच्या भागावर लेख लिहिले. १९१२ साली अमेरिकेत स्टार्च आणि एलियट यांनी इंग्रजीच्या त्याच उत्तरपत्रिका शंभरावर शिक्षकांकडून तपासून घेतल्या, तर गुणांत जमीन-अस्मानाचा फरक. लोक म्हणाले, भाषेचा विषय आहे, चालायचंच. म्हणून पुढच्या वर्षी त्यांनी भूमितीची उत्तरपत्रिका पाठवली. तिथे तर कुणी शंभरात तीसच्या आत गुण दिले आणि कुणी नव्वदच्या वर!

वैद्यकीला हा आरसा दिसला तो क्षयरोगाच्या निमित्तानं. अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास छातीचे फोटो कोणत्या आकाराच्या फिल्मवर काढले तर क्षय जास्त चांगला सापडेल, याचा तौलनिक अभ्यास झाला. पाच तज्ज्ञांनी तेच फोटो वेगवेगळे वाचले. १९४७ साली निष्कर्ष छापून आला. फिल्मच्या आकारानं पडणाऱ्या फरकापेक्षा वाचणाऱ्या डोळ्यांमुळे पडणारा फरक मोठा होता. इतकंच नव्हे, तोच तज्ज्ञ तेच फोटो काही काळानं पुन्हा वाचायला बसला तर स्वतःशीही सहमत होत नव्हता. यात येरुशाल्मी नावाचे संख्याशास्त्रज्ञ होते. डॉक्टरमंडळींना हे पचायला जड गेलं असणार.

आता दोघांचं किती जुळतं हे मोजायचं कसं? सरळ उत्तर असं की शंभरातून किती वेळा जुळलं ते सांगा. पण यात एक खोच आहे आणि ती समजावून सांगायचा मोह मला आवरत नाही. समजा, दोन परीक्षक शंभर उत्तरपत्रिका तपासत आहेत आणि दोघंही ऐंशी मुलांना पास करतात. त्यांनी पेपर न वाचता नुसत्या चिठ्ठ्या टाकून ऐंशी-ऐंशी पास केले असते तरी सरासरी ६८ ठिकाणी त्यांचं जुळलं असतं (६४ ठिकाणी दोघं पास म्हणाले असते आणि ४ ठिकाणी दोघं नापास). म्हणजे प्रत्यक्षात ८४ ठिकाणी जुळलं तर ऐकायला छान वाटतं, पण चिठ्ठ्यांच्या वर मिळालेली कमाई फक्त १६ आणि मिळवता आली असती अशी कमाई ३२. सोळा भागिले बत्तीस, म्हणजे अर्धी. या अर्ध्याला ०.५ कप्पा म्हणतात. जेकब कोहेन या मानसशास्त्रज्ञानं १९६० साली हे माप मांडलं, आणि तेही शिक्षण व मानसशास्त्रातल्या मोजमापांना वाहिलेल्या नियतकालिकात. एक म्हणजे पूर्ण एकमत, शून्य म्हणजे चिठ्ठ्या. १९७७ साली लँडिस आणि कॉख यांनी याचे टप्पे पाडले. त्यांत ०.५ म्हणजे 'मध्यम' आणि ०.८ च्या वर 'जवळजवळ पूर्ण'. हे टप्पे आम्ही मनानेच पाडले आहेत, असं त्यांनी स्वतःच म्हटलं होतं. पण लोकांनी ते शिलालेखासारखे धरून ठेवले. असो.

हे माप हाती घेऊन लोक पक्षाघाताच्या रुग्णांच्या खाटेशी आले तेव्हा काय दिसलं?

१९८८ साली स्प्लेनगार्ड आणि सहकाऱ्यांनी १०७ रुग्णांची खाटेशेजारी तपासणी केली आणि नंतर त्यांचंच क्ष-किरण चलच्चित्र घेतलं. ज्यांच्या श्वासनलिकेत अन्नपाणी खरोखर जात होतं, त्यांच्यापैकी फक्त ४२ टक्के लोक खाटेशेजारी ओळखता आले होते. निम्म्याहून अधिक निसटले. १९९२ साली न्यूयॉर्कजवळच्या बर्क पुनर्वसन केंद्रातून एक सोपी परीक्षा पुढे आली. तीन औंस, म्हणजे साधारण ९० मिलिलिटर पाणी न थांबता प्यायला द्यायचं. पिताना किंवा प्यायल्यावर मिनिटभरात खोकला आला, किंवा आवाज ओला, घोगरा झाला, तर नापास. एवढ्या साध्या परीक्षेनं काम बरंच सोपं झालं, कारण पाहायच्या गोष्टी मोजक्या आणि पाणी मोजलेलं.

त्याआधी घशाला काडी लावून ओकारी येते का हे पाहण्यावर डॉक्टरांचा भारी भरवसा असे. १९९५ साली 'लॅन्सेट'मध्ये निरोगी माणसांवरचा एक अभ्यास छापून आला. त्यात ३७ टक्के धडधाकट माणसांना अशी ओकारी आलीच नाही, आणि त्यांना गिळायला काहीच अडचण नव्हती. इथे एक महत्त्वाची गोष्ट कळते. ओकारीवर भरवसा ठेवणारे दोन डॉक्टर असतील तर त्यांचं आपसांत छान जुळेल, आणि दोघं मिळून चुकतील. एकमत म्हणजे सत्य नव्हे. मात्र उलट बाजूही तितकीच खरी आहे. जिथे दोघांचं जुळतच नाही तिथे निदान एक जण तरी चुकतोच आहे. म्हणून एकमत ही पहिली पायरी.

२००० साली मॅकलॉ आणि सहकाऱ्यांनी तज्ज्ञ रोजच्या तपासणीत जे जे पाहतात (ओठांची ताकद, जिभेची हालचाल, आवाज, खोकला वगैरे) त्या प्रत्येक गोष्टीवर दोन परीक्षकांचं किती जुळतं, आणि एकाच परीक्षकाचं स्वतःशी किती जुळतं, हे तपासलं. निम्म्याहून कमी गोष्टी पुरेशा विश्वासाच्या निघाल्या. बरं, क्ष-किरण चित्रावर तरी सगळ्यांचं एक होतं का? तिथेही "गिळणं जरा उशिरा सुरू झालं का" असल्या प्रश्नांवर फाटे फुटत. पाणी श्वासनलिकेत गेलं की नाही यावर त्यातल्या त्यात चांगलं जुळे. त्यासाठी १९९६ साली रोझेनबेक आणि सहकाऱ्यांनी आठ पायऱ्यांची मोजपट्टी तयार केली होती. पदार्थ किती खोल गेला आणि माणसानं तो बाहेर टाकला का, एवढंच तिच्यात पाहायचं. आठवी पायरी म्हणजे स्वरतंतूंच्या खाली गेला आणि माणसानं काहीच केलं नाही, तोच तो मूक प्रकार.

या गोंधळाचा एक परिणाम आकड्यांतही दिसतो. टोरांटोच्या रोझमेरी मार्टिनो यांनी २००५ साली तोवरचे अभ्यास एकत्र करून पाहिले. पक्षाघातानंतर किती जणांना गिळण्याचा त्रास होतो? वरवरच्या चाळणीनं पाहिलं तर ३७ ते ४५ टक्के, नीट तपासलं तर ५१ ते ५५ टक्के, आणि यंत्रानं पाहिलं तर ६४ ते ७८ टक्के. जशी चाळणी तसा आकडा. ज्यांना हा त्रास आहे त्यांना न्यूमोनियाचा धोका तिपटीहून अधिक, हेही त्यातच दिसलं.

मग उपाय काय निघाला? आमच्या पेशात जो निघाला तोच. निबंधाला गुण देताना मतभेद होतात म्हणून मुद्द्यांना गुण वाटून देतात, नमुना उत्तर देतात, परीक्षकांची सभा घेतात. इथेही तसंच झालं. २००७ साली ऑस्ट्रियातल्या गुगिंग इथल्या रुग्णालयातून वीस गुणांची परीक्षा आली. आधी दाट पदार्थ, तो जमला तर पाणी, आणि शेवटी घन. चमच्यांची मापं ठरलेली, काय दिसलं तर किती गुण हेही ठरलेलं. दोन परीक्षकांचा कप्पा ०.८३५ आला. म्हणजे लँडिस-कॉख यांच्या शेवटच्या टप्प्यात. २००९ साली मार्टिनो यांच्या गटानं टोरांटोची चाळणी प्रसिद्ध केली. तिचा वापर करायचा तर सिस्टरनी आधी चार तासांचं प्रशिक्षण घ्यायचं, ही अट. ३११ रुग्णांच्या त्या अभ्यासात सिस्टरांचं एकमेकींशी चांगलं जुळलं. मला यात सगळ्यात आवडली ती ही गोष्ट, की एकमतासाठी मोठी पदवी लागली नाही. नेमका प्रश्न आणि अर्ध्या दिवसाचा सराव पुरला.

याचा रुग्णांना फायदा झाला का? अमेरिकेतल्या पंधरा रुग्णालयांचा २००५ सालचा अभ्यास आहे. जिथे गिळण्याच्या तपासणीची ठरलेली पद्धत होती तिथे न्यूमोनिया २.४ टक्के, जिथे नव्हती तिथे ५.४ टक्के. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्समधल्या १९ पक्षाघात विभागांपैकी काहींत ताप, साखर आणि गिळणं या तीन गोष्टींसाठी सिस्टरांना ठरावीक पद्धत शिकवली गेली. २०११ साली निकाल आला. तीन महिन्यांनी मृत्यू पावलेले किंवा परावलंबी झालेले रुग्ण ४२ टक्के, आणि अशी पद्धत न शिकवलेल्या विभागांत ५८ टक्के. यात एकट्या गिळण्याचं श्रेय किती हे वेगळं काढता येत नाही, पण तिन्ही मिळून झालेला फरक केवढा मोठा आहे पाहा.

मात्र गोष्ट इथे सुखान्त होत नाही. कडक परीक्षक जसा चांगल्या मुलांनाही नापास करतो, तसं चाळणीचंही होतं. तीन औंस पाण्याच्या परीक्षेचा तीन हजार रुग्णांवरचा अभ्यास २००८ साली आला. धोका असलेल्यांपैकी ९६.५ टक्के तिनं पकडले, ही फार मोलाची गोष्ट. पण ज्यांना काही धोका नव्हता त्यांच्यापैकी निम्म्याहून थोडे अधिक लोकही नापास झाले. म्हणजे तेवढी माणसं पुढची तपासणी होईपर्यंत विनाकारण तहानलेली राहणार, कदाचित नाकातून नळीही घातली जाणार. कोणती चाळणी प्रमाण मानायची यावर तज्ज्ञांचं एकमत नाही म्हणून अमेरिकेत पक्षाघात केंद्रांच्या गुणवत्ता-निकषांतून हा मुद्दाच २०१० साली वगळला गेला. २०२१ साली कॉक्रेन या जगन्मान्य आढाव्यात २५ अभ्यासांतल्या तब्बल ३७ चाळण्या तपासल्या गेल्या. सर्वांनी हीच वापरा, असं एकीविषयीही सांगता आलं नाही. नुसत्या पाण्यापेक्षा पाणी आणि इतर दाटपणाचे पदार्थ मिळून घेतलेल्या परीक्षा बऱ्या दिसल्या, आणि टोरांटो व गुगिंग यांची नावं चांगल्यांत आली.

आणि हा दाटपणा तरी कोण ठरवणार? आमच्याकडे 'पातळ वरण' म्हटलं की माझ्या माहेरी एक डोळ्यांसमोर येतं आणि सासरी दुसरंच! "दाट पेज द्या" म्हणून थेरपिस्ट निघून गेल्या, पण घरी सुनेची दाट वेगळी आणि मुलीची वेगळी. हा घोळ जगभर होता. म्हणून पदार्थांच्या दाटपणाच्या ० ते ७ अशा आठ आंतरराष्ट्रीय पायऱ्या ठरवण्यात आल्या. पातळ पदार्थांसाठी एक घरगुती वाटावी अशी चाचणी आहे. ठरावीक मापाच्या दहा मिलिलिटरच्या सिरिंजमध्ये पदार्थ भरायचा, दहा सेकंद खाली वाहू द्यायचा आणि उरला किती ते पाहायचं. एक मिलिलिटरहून कमी उरला तर तो पाण्यासारखा, म्हणजे शून्य पायरी. आठच्या वर उरला तर तिसरी. आता सुनेची आणि मुलीची पेज एकच होऊ शकते!

वन्संचं पुढे नीट झालं. चौथ्या दिवशी दुर्बिणीनं तपासणी झाली आणि निकाल थेरपिस्टबाईंच्या बाजूनं लागला. महिनाभर दाट पेज, ज्वारीचं आंबील, घोटलेला मऊ भात, आणि मग हळूहळू पाणी. पुढची सहा वर्षं त्या आमच्यात होत्या आणि चहा कडक हवा म्हणून सुनांशी वाद घालत होत्या.

भाचेमंडळी आणि इतर वाचकहो, शेवटी एवढंच. देव करो आणि ही वेळ न येवो. पण घरात कुणाला झटका आलाच, तर ताबडतोब रुग्णालय गाठा आणि गिळण्याची चाचणी होईपर्यंत तोंडात पाणी, चहा, अगदी गोळीसुद्धा घालू नका. प्रेमानं पाजलेला चमचाभर गंगाजलाचा थेंबही नको. तिथे गेल्यावर दोघांनी दोन गोष्टी सांगितल्या तर भांडू नका, पण शांतपणे विचारा: "चाचणी कोणती केली? किती पाणी देऊन केली? त्यांना नीट बसवून केली होती का?" उत्तर कागदावर लिहून खाटेशी लावायला सांगा, म्हणजे रात्रपाळीच्या सिस्टरलाही तेच कळेल. तुमचे असे काही अनुभव असतील तर मला जरूर कळवा.